दारात डोंगरची काळी मैना : कोल्हापुरात घराभोवती करवंद लावणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात नवं घर उभं राहिलं की कुंपणाला ड्युरांटा नाहीतर अकॅलिफा लावायचा, अशी आता पद्धतच पडली आहे. दोन्ही झाडं बाहेरून आलेली. ड्युरांटाची पिवळी फळं तर माणसाला विषारी. आणि इथून तास-दीड तासावर, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीच्या उतारांवर कुणीही न लावलेली, कुणीही पाणी न घातलेली करवंदाची जाळी वर्षानुवर्षं उभी आहे. ती बारमाही हिरवी असते, तिच्या फुलांना वास असतो, तिचं फळ खाता येतं आणि काट्यांमुळे ती राखणही करते. आपल्या कुंपणाला पहिला मान तिचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. खालचे प्रश्न शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत लोक नेहमी विचारतात ते आहेत.

बाजारात मिळणारं पांढरं-गुलाबी करवंद आणि डोंगरातलं काळं करवंद एकच का?

जवळचे नातेवाईक आहेत. डोंगरातल्या आपल्या करवंदाला कॅरिसा कंजेस्टा म्हणतात. बरेच अभ्यासक त्याला कॅरिसा करंडस या जातीतच धरतात. पांढऱ्यावर गुलाबी छटा असलेलं मोठं फळ हे करंडसचं लागवडीतलं रूप. ते जास्त करून लोणच्यासाठी आणि हलवायाकडच्या लाल ‘चेरी’साठी वापरतात. फळ भरपूर येतं, पण पिकलेल्या काळ्या करवंदाची गोडी त्याला नाही. कोकणासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाचं मोठ्या फळाचं वाण दिलं आहे. लोणच्याचा घरगुती उद्योग करायचा असेल तर त्याचा विचार जरूर करावा.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. काही रोपवाटिकांत ‘करवंद’ म्हणून नाताळ प्लम विकतात. ते कॅरिसा मॅक्रोकार्पा, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. त्याची पानं जाड, फुलं बरीच मोठी आणि फळ पिकल्यावर लालभडक होतं, काळं होत नाही. झाड देखणं आहे, पण आपल्या डोंगराचं नाही. रोप घेताना ‘फळ पिकल्यावर काळं होतं ना?’ एवढं विचारलं तरी निम्मा घोटाळा टळतो.

आमच्या जमिनीत येईल का?

कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण पूर्व आणि पश्चिम भागांच्या मातीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पश्चिमेकडे, म्हणजे शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात जांभा आणि तांबडी माती. हे करवंदाचं माहेर. इथे फक्त रोप लावायचं आणि पहिली दोन वर्षं जनावरांपासून सांभाळायचं. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तरी करवंद कुजत नाही, कारण उतारावरून पाणी वाहून जातं. करवंदाला पावसाचं भय नाही, साचलेल्या पाण्याचं आहे.

शहराच्या दक्षिणेला पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर या बाजूला मुरमाड, खडकाळ प्लॉट भरपूर. ‘इथे काहीच येत नाही’ म्हणून कंटाळलेली मंडळी तिथे पुष्कळ भेटतात. अशा जागी गुलाबावर पैसे घालवण्यापेक्षा करवंद लावावं. मुरूम त्याला चांगला मानवतो.

कसबा बावड्याकडची, पंचगंगेकाठची काळी कसदार माती ही उसाची माती. त्यात करवंद वाढतं, किंबहुना जास्तच वाढतं. फांद्या लांबतात, पानं माजतात आणि फळ कमी लागतं. तिथे खड्ड्यात निम्मा मुरूम किंवा जाडी वाळू मिसळा आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच गादीवर लावा. खत जवळजवळ देऊच नका.

शिरोळ, हातकणंगले भागातल्या क्षारपड जमिनीबद्दलही विचारणा होते. करवंद थोडाफार खारेपणा सोसतं. पण जमीन क्षारपड आणि शिवाय चिबड असेल, म्हणजे खाली पाणी धरून ठेवत असेल, तर आधी निचऱ्याची सोय करा. त्याशिवाय रोप टिकणार नाही.

आमच्या गल्लीत पुराचं पाणी येतं. तरी लावावं का?

२०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या अंगणात पंचगंगा आली त्यांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. मुरलेलं, मोठं झाड पाणी लवकर ओसरलं तर पुन्हा फुटतं. एक-दोन वर्षांचं रोप पाण्याखाली राहिलं तर बहुतेक जातं. अंगणातली सगळ्यात उंच जागा निवडा, मातीचा उंचवटा करा. पूर ओसरल्यावर बुंध्याभोवती बसलेला गाळ लगेच काढा, पानांवरचा चिखल धुऊन टाका आणि माती हलकी उकरून मोकळी करा. गाळाचा थर तसाच वाळला तर मुळांना हवा मिळत नाही. दरवर्षी पाणी येणारी जागा असेल तर सरळ मोठ्या कुंडीत लावा.

बी लावावं की रोप?

माझं मत बियांच्या बाजूने. वेळ जास्त लागतो हे खरं. पण बियांपासून आलेलं प्रत्येक झाड थोडं वेगळं असतं. कुणाचं फळ टपोरं, कुणाचं बारीक पण साखरेसारखं गोड. डोंगरात करवंदं काढणाऱ्या माणसाला विचारा, कुठल्या जाळीचं फळ गोड हे त्याला तोंडपाठ असतं. असं पाच-सहा वेगळ्या झाडांचं कुंपण असलं की फळंही पुढे-मागे पिकतात आणि महिनाभर पुरतात.

बी विकत घ्यायची गरजच नाही. मे महिन्यात बाजारात पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसणाऱ्या मावशींकडून चांगली पिकलेली काळी करवंदं घ्या. भाव पाडू नका. उन्हात, काट्यांत हात घालून काढलेलं फळ आहे ते, आणि धनगरवाड्यांवरच्या, वाड्या-वस्त्यांवरच्या कितीतरी घरांत उन्हाळ्यात चार पैसे या रानमेव्यातून येतात. मावशींना विचारा, ‘कुठल्या डोंगरातली?’ त्या आनंदाने सांगतात. मग आधी पोरांना ‘कोंबडा की कोंबडी’ खेळू द्या. फळ फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. फळं खाऊन झाली की बिया गोळा करा.

करवंदाचं बी ठेवायचं बी नव्हे. वाळवून डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरू म्हणाल तर उगवण्याची आशा सोडा. गर धुऊन काढा, बिया एक दिवस सावलीत कोरड्या करा आणि आठवड्याच्या आत पेरा. पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत भरा. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल घाला, जास्त नाही. एका पिशवीत दोन बिया. सावलीत ठेवून रोज झारीने पाणी द्या. दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात.

पहिलं वर्ष रोप फार हळू वाढतं. दिवाळीपर्यंत वीतभर झालं तरी समाधान माना. या काळात लोकांचा धीर सुटतो आणि ते युरिया घालतात. घालू नका. वरून सुस्त दिसणारं रोप तेवढ्या वेळात खाली मूळ धरत असतं. पुढच्या जूनमध्ये ते जमिनीत लावायला तयार होतं.

डोंगरातून लहान रोप उपटून आणलं तर चालेल का?

नाही. एकतर ते जगत नाही. खडकाच्या फटीत गेलेलं मूळ अखंड निघत नाही आणि तुटलेल्या मुळाचं रोप घरी येईपर्यंत माना टाकतं. दुसरं म्हणजे राधानगरी अभयारण्यासारख्या क्षेत्रातून परवानगीशिवाय झाडं काढणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: डोंगरावरच्या जाळ्यांना आधीच कमी त्रास नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवताला वणवे लावले जातात आणि नेमकं तेव्हाच करवंद फुलावर असतं. जळालेलं झाड बुंध्यापासून पुन्हा फुटतं, पण त्या वर्षीचं फळ गेलेलं असतं, आणि त्यावर जगणाऱ्या पाखरांचं नि माणसांचंही. तिथून काही कमी करू नका. बी पुरेसं आहे.

फांदी लावून येतं का? गुटी कलम जमतं का?

नुसती फांदी खोचून येणं अवघड. मुळं फुटायच्या आत ती वाळते. गुटी मात्र घरच्या घरी जमते. जून-जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडा, बोटाच्या एका पेराएवढी साल गोल काढा. पांढरा चीक येईल, तो ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्यावर भिजवलेलं शेवाळ बांधून वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळा. पाऊस संपेपर्यंत मुळं दिसू लागली की खालून कापून पिशवीत लावा. शेजाऱ्याच्या एखाद्या झाडाचं फळ तुम्हाला फारच आवडलं असेल तर हा मार्ग धरा, कारण गुटीचं झाड अगदी मूळ झाडासारखंच निघतं आणि फळही लवकर देतं.

लागवड केव्हा आणि किती अंतरावर?

मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले, जमीन खोलवर भिजली की लावा. जुलैअखेरपर्यंत लावलेलं रोप पावसाळाभर मुळं पसरतं आणि उन्हाळा पेलतं. ऑक्टोबरात लावलेल्याला पहिला उन्हाळा जड जातो.

खड्डा दीड-दोन फूट लांब, रुंद, खोल. उन्हाळ्यात खणून तापू द्या. भरताना तीच माती आणि घमेलंभर कुजलेलं शेणखत.

कुंपणासाठी दोन ते अडीच फुटांवर एक रोप, शक्य असेल तर दोन ओळींत नागमोडी. फळासाठी सुटं झाड हवं असेल तर दोन झाडांत सात-आठ फूट सोडा. ते तेवढं पसरतंच. कंपाउंडच्या भिंतीपासून किमान तीन फूट आत लावा. मुळं भिंत फोडत नाहीत, पण भिंतीला खेटून लावलं तर त्या बाजूची छाटणी करायला हात जात नाही आणि शेजाऱ्याच्या बाजूला काटे लोंबतात. त्यावरून उगीच तक्रारी होतात.

ऊन भरपूर हवं. दिवसाचे पाच-सहा तास तरी. सावलीत झाड जगतं, फळत नाही.

पाणी-खत किती?

पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक बादली. त्यानंतर मुरमाड जमिनीतही झाड स्वतःचं स्वतः पाहतं. फळ धरल्यावर मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन पाणी दिलं तर करवंद जरा टपोरं होतं, एवढंच.

खत वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, एक-दोन घमेली शेणखत. रासायनिक खताची गरज नाही. आळ्यात उसाचं पाचट अंथरा. आपल्याकडे ते फुकट मिळतं आणि अजूनही कित्येक शेतांत पेटवून दिलं जातं. वीतभर जाडीचा थर उन्हाळ्यात ओल धरतो आणि पावसाळ्यात कुजून खत होतो. पाचट बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर वाळवी लागते.

फळ किती वर्षांनी? आमच्याकडे फुलं येतात, पण फळ धरत नाही.

बियांच्या झाडाला तीन-चार वर्षांनी फळ सुरू होतं, आधी मूठभर, मग हळूहळू पाटीभर. जानेवारीअखेर ते मार्च फुलं, एप्रिलात हिरवी फळं, मे महिन्यात काळी. वळवाचे जोरदार पाऊस सुरू झाले की पिकलेलं फळ पाणचट होतं आणि फुटतं, म्हणून त्याआधी काढून घ्यावं.

फुलं येऊन फळ धरत नसेल तर आधी पहिलंच वर्ष आहे का पाहा. तसं असेल तर काळजी नको, झाड अजून पोरसवदा आहे. दुसरं कारण फवारणी. घरातल्या आंब्याला मोहोर येतो तो आणि करवंद फुलतं तो काळ एकच. आंब्यावर मारलेलं कीटकनाशक वाऱ्याने करवंदावर येतं आणि फुलांवर येणारी मधमाशी, पतंग मरतात किंवा फिरकत नाहीत. करवंदाच्या फुलाची नळी लांब आणि अरुंद असते. तिच्यात सोंड घालू शकणारे किडेच त्याचं काम करतात. त्या दोन महिन्यांत बागेत कसलीही फवारणी करू नका. तिसरं कारण सावली आणि चौथं चुकीच्या वेळची छाटणी. त्यावर खाली सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचं फळ तिथेच जातं.

छाटणी कशी करावी?

करवंदाच्या फुलांचे झुबके फांदीच्या टोकाला येतात. हे एक ध्यानात ठेवलं की सगळं सोपं होतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर जी नवी फूट येते तिच्या शेंड्यावर पुढच्या वर्षीचं फूल असतं. दिवाळीची साफसफाई म्हणून किंवा डिसेंबरात घरी कार्य आहे म्हणून माळ्याने कुंपण कात्रीने सपाट केलं की त्या वर्षीची सगळी करवंदं फांद्यांबरोबर कचऱ्यात जातात. झाड हिरवंगार दिसतं, मालक म्हणतात ‘जातच वांझ आहे’, आणि दोष झाडाचा नसतो.

छाटणी फळं संपल्या संपल्या, जूनमध्ये. फार तर जुलै उजाडेपर्यंत. वाळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या, जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या आधी काढा. मग मधला भाग थोडा मोकळा करा, म्हणजे उजेड आत जाईल आणि फळं काढायला हात घालता येईल. उंची पाच फुटांवर धरा. मोकळं सोडलं तर ते दहा फुटांपर्यंत जातं, आणि जवळच्या झाडावर टेकून आणखी वर चढतं.

कुंपण नीटनेटकंही हवं आणि फळही हवं, अशांसाठी माझा सल्ला: रस्त्याकडची बाजू वर्षातून दोन-तीनदा कात्रीने सरळ ठेवा आणि आतली, अंगणाकडची बाजू मोकळी सोडा. बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्याला काटा लागत नाही आणि घरच्यांना आतून करवंदं मिळतात. जुनं, वेडंवाकडं झालेलं कुंपण असेल तर ते जूनमध्ये गुडघाभर उंचीवर सरळ छाटून टाका. बुंध्यापासून जोमाने फुटतं. एक-दोन वर्षं फळ कमी मिळेल, पुढे झाड नव्यासारखं होतं.

हातात चामड्याचे मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट. छाटलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नका. वाळलेला करवंदाचा काटा चपलेतून आरपार जातो. त्या फांद्या परड्यातल्या भाजीच्या वाफ्याभोवती रचा, कोंबड्या-कुत्री आत जात नाहीत.

घरात लहान मुलं आहेत. काट्यांचं काय?

रांगत्या वयाचं मूल असेल तर खेळायच्या जागेजवळ लावू नका, हे सरळ आहे. कुंपणाच्या कडेला लावा आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येणाऱ्या फांद्या काढत राहा. मूल शाळेत जायला लागलं की मात्र त्याला झाडापासून लांब ठेवू नका, शिकवा. कुठे हात घालायचा, कुठून नाही, हे डोंगरातली पाच वर्षांची पोरंसुद्धा बिनचूक जाणतात.

यापेक्षा महत्त्वाचं शिक्षण दुसरं आहे. करवंद ज्या कुळातलं आहे त्याच कुळात कण्हेर आहे, आणि कण्हेर जीवघेणं विषारी आहे. घाणेरीलाही काळी बारीक फळं येतात. म्हणून ‘काळं फळ म्हणजे करवंद’ असं मुलाला कधीही सांगू नका. समोरासमोर जाड चकाकणारी पानं, जोडीने येणारे काटे, देठ तोडला की पांढरा चीक आणि फोडल्यावर गुलाबी-लाल गर, हे सगळं मिळून करवंद. आणि मोठ्या माणसाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हा नियम घरात पक्का ठेवा.

सासूबाई म्हणतात दारात काटेरी झाड नको.

त्यांच्या शब्दाला मान द्या. दारासमोर नकोच, तिथून माणसं येतात-जातात, साड्या-धोतरं अडकतात. करवंदाची जागा मागच्या परड्यात किंवा बाजूच्या कुंपणाला. गावाकडे शेताला वई घालायची ती काट्यांचीच, आणि ते त्यांनीही पाहिलेलं असतं. पहिल्या वर्षी लोणचं घातलं की हा प्रश्न बहुतेक घरांत मिटतो.

जाळीत साप येतात का?

साप उंदरांमागे येतो आणि अडगळीत राहतो. करवंदाच्या झाडात त्याला बोलावणारं वेगळं काही नाही, पण जमिनीलगत गच्च वाढलेली जाळी आणि तिच्याखाली साठलेला पालापाचोळा हा आसरा होऊ शकतो. म्हणून खालचा एक-सव्वा फूट बुंधा मोकळा ठेवा, म्हणजे आरपार दिसलं पाहिजे. जवळ विटा, लाकडं, भंगार रचू नका. पाचट घातलं असेल तर ते काठीने हलवून मगच हात घाला, आणि पडलेली फळं अंधारात वेचायला जाऊ नका.

फ्लॅटमध्ये, गच्चीवर जमेल का?

जमेल. अठरा इंची कुंडी किंवा अर्धं कापलेलं पिंप, तळाला भोकं पुरेशी, मातीत तिसरा हिस्सा मुरूम. गच्चीवरचं ऊन त्याला आवडतं. फळं वाटीभर मिळतील, पाटीभर नाही. फेब्रुवारीत संध्याकाळी फुलांचा वास घरात येतो, तेवढ्यासाठीही बाल्कनीत एक कुंडी ठेवावी. बाल्कनी पूर्वेची किंवा दक्षिणेची हवी.

कीड-रोग?

फारसा त्रास नाही. कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली, पानं काळी-चिकट झाली तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा आणि निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात कालवून मारा, फुलांचा काळ सोडून. कण्हेर आणि तगरीवर वाढणारी मोठी हिरवी अळी कधी करवंदावरही सापडते. ती काही पानं खाते आणि पुढे तिचा सुंदर हिरवा पतंग होतो. तिला मारू नका, झाडाला पानं पुष्कळ असतात.

सगळी फळं पक्षीच खातात. जाळी घालू का?

बुलबुल, कोकीळ, तांबट यांना करवंद आवडतं, हे खरं. पण जाळी घालू नका. नायलॉनच्या जाळीत पक्षी अडकून तडफडून मरतात. सकाळी लवकर पिकलेली काढून घ्या, शेंड्याकडची त्यांना सोडा. काट्यांमुळे मांजर आत शिरत नाही म्हणून बुलबुल घरटंही याच झाडात बांधतो. जूनच्या छाटणीआधी आत घरटं आहे का पाहा. असलं तर तेवढी बाजू पिल्लं उडेपर्यंत ठेवा.

कच्च्या करवंदांचं काय काय करता येतं?

इथे लिहावं तेवढं थोडं. लोणच्यासाठी एप्रिलच्या सुरुवातीची कोवळी, आतलं बी टणक न झालेली हिरवी करवंदं घ्या. हाताला आधी तेल चोळा, नाहीतर चीक बोटांना काळा होऊन बसतो आणि दोन दिवस निघत नाही. देठ काढून तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा, स्वच्छ धुवा आणि कापडावर पूर्ण कोरडी करा. मग वरवंट्याने एकेक नुसतं दाबून फोडा, निघतील त्या बिया काढा. मीठ-हळद लावून रात्रभर ठेवा. सकाळी मोहरीची डाळ, तळून कुटलेली मेथी, हिंग, लाल तिखट घालून वर गार केलेली तेलाची फोडणी. मिठात हात आखडू नका, नाहीतर बुरशी धरते. आठ दिवसांनी खायला काढा.

ठेचा आणखी सोपा. हिरवी मिरची, लसूण, मीठ, भाजलेले शेंगदाणे आणि मूठभर कच्ची करवंदं खलबत्त्यात रगडायची, आंबटपणा फार वाटला तर गुळाचा खडा. ज्वारीच्या भाकरीबरोबर याला तोड नाही. मटणाच्या रश्श्यात कोकम नसलं तर दोन-चार कच्ची करवंदं ठेचून टाकतात, तीही चव घेऊन पाहा.

अर्धवट पिकलेल्या, लालसर फळांचा मुरंबा करा, आपला कोल्हापुरी गूळ घालून. या अवस्थेत करवंदात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे जेली बाहेरचं काही न घालता घट्ट बसते. पूर्ण काळी झालेली फळं मात्र शिजवू नका. ती झाडाखाली उभं राहून खायची.

करवंद खाल्ल्याने रक्त वाढतं म्हणतात?

करवंदात क जीवनसत्त्व आणि लोह असतं, मोसमात मनसोक्त खावं. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांकडे जा आणि त्यांचीच गोळी घ्या. फळ औषधाच्या जागी वापरू नका.

शेताच्या बांधाला लावलं तर गवे, डुकरं थांबतील का?

राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडून हा प्रश्न येतो, आणि त्यामागे उभ्या पिकाचं नुकसान असतं. खोटी आशा दाखवायची नाही. गवा करवंदाच्या कुंपणाने थांबत नाही. मोकाट गुरं, शेळ्या बऱ्याच अंशी थांबतात, कारण चीक आणि काटे दोन्ही त्यांना नकोसे. डुक्कर खालची फट शोधतं, दुहेरी ओळ आणि जमिनीपासूनच गच्च वाढ असेल तर थोडा अटकाव होतो. बांधाची माती धरून ठेवायला आणि जोडीला फळ मिळायला करवंद उत्तम, राखणीसाठी दुसरी व्यवस्था हवीच.

सोबत आणखी कोणती रानफळं लावावीत?

जागा असेल तर तोरण, आंबगुळी, अळू (भाजीचं नव्हे, रानफळाचं झाड), फालसा. तोरणाची पांढरी फळं करवंदाबरोबरच, उन्हाळ्यात येतात. पण तोरणाचे काटे उलटे, आकड्यासारखे असतात, कपडा सोडत नाहीत, म्हणून ते अगदी टोकाला. काटे अजिबात नको असतील तर अंजनी लावा. निळ्या फुलांनी फांद्या भरून जातात, फळं जांभळी, आणि घडण इतकी सुबक की लोक विचारत येतात. ती मात्र करवंदापेक्षाही हळू वाढते.

तयार रोप कुठे मिळेल?

सामाजिक वनीकरण आणि वन विभागाच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडावर चौकशी करा, तिथली रोपं स्वस्त असतात. मे महिन्यातच नोंद करून ठेवा, कारण वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू झाले की रोपं लगेच संपतात. घेताना गुडघ्याएवढ्या उंचीचं, जाड बुंध्याचं रोप निवडा. उंच आणि काडीसारखं नको. पिशवी उचलून तळाशी पाहा: मूळ भोकातून बाहेर येऊन गोल गुंडाळलेलं असेल तर ते रोप तिथेच ठेवा आणि शेजारचं घ्या.